तांबडा कागद

१७५७ च्या मे महिन्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या कलकत्त्यातल्या सिलेक्ट कमिटीने एकाच तहाचे दोन मसुदे तयार केले. एक पांढऱ्या कागदावर, एक तांबड्या. पांढरा खरा होता. मीर जाफरला बंगालच्या गादीवर बसवायचं आणि त्याने कंपनीला, तिच्या फौजेला, कलकत्त्याच्या रहिवाशांना काय काय द्यायचं, ते त्यात कलमवार लिहिलेलं होतं. तांबड्यात हे सगळं होतंच, शिवाय एक कलम जास्त होतं: उमीचंद व्यापाऱ्याला २० लाख रुपये. उमीचंदला कटाची खबर होती. आपला वाटा ठरला नाही तर तो नवाबाकडे जाईल, या भीतीने त्याला दाखवण्यापुरता तांबडा कागद केला होता. ॲडमिरल वॉटसनने त्या खोट्या कागदावर सही करायला नकार दिला, तेव्हा त्याच्या नावाची सही दुसऱ्याकडून करवून घेतली. पुढे पार्लमेंटच्या समितीसमोर कंपनीचा सेनानी रॉबर्ट क्लाइव्हने हे कबूल केलं, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा हेच करीन, असंही सांगितलं.

२३ जूनला प्लासीची लढाई झाली. आठवडाभरात नवाबाच्या राजधानीत, मुर्शिदाबादेत, जगतशेठ सावकाराच्या वाड्यावर हिशोबाची बैठक भरली. उमीचंदही गेला. त्याला गालिच्यावर बसायला कोणी बोलावलं नाही, तरी त्याला शंका आली नाही. पांढरा कागद वाचून झाला. मग क्लाइव्हने कंपनीचा अधिकारी स्क्रॅफ्टन याला सूचना केली आणि स्क्रॅफ्टनने हिंदुस्थानीत उमीचंदला सांगितलं की तांबडा कागद फसवा होता, तुला काहीही मिळायचं नाही. उमीचंद मागच्या मागे कोसळला. नोकरांनी सावरलं, पालखीत घातलं, घरी नेलं. घरी तो कितीतरी तास नुसता बसून होता. रॉबर्ट ऑर्म या कंपनीच्या इतिहासकाराने हे लिहून ठेवलं आहे. पुढे त्याला वेड लागलं आणि त्यातच तो गेला, असंही ऑर्मच सांगतो. १८४० मध्ये मेकॉलेने क्लाइव्हवरच्या निबंधात तो प्रसंग असा रंगवला, की तेव्हापासून उमीचंद म्हटलं की लोकांना तो कोसळतानाच दिसतो.

मला तो गेल्या हिवाळ्यात माझ्या भाच्यामुळे आठवला.

भाचा कोलकात्यात सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये नोकरीला आहे. पुण्यात पहिली नोकरी लागली तेव्हा, २०१७ च्या सुरुवातीला, त्याने साठवलेल्या पैशांतून दोन बिटकॉइन घेतले होते. तेव्हा एकाची किंमत साठ-सत्तर हजार रुपये होती. एक्स्चेंजवर ठेवू नकोस, बुडतात, असं कोणीतरी सांगितलं म्हणून त्याने ते मोबाइलमधल्या स्वतःच्या वॉलेटमध्ये घेतले. अशा वॉलेटला बँकेसारखी शाखा नसते, साहेब नसतो, ‘पासवर्ड विसरलात का’ असं विचारणारी ओळ नसते. उघडताना ते बारा इंग्रजी शब्द देतं. ठरलेल्या २०४८ शब्दांच्या यादीतले बारा, ठरावीक क्रमाने. फोन हरवला, मोडला तरी हे बारा शब्द कुठल्याही फोनमध्ये घातले की पैसे परत हाताशी येतात. शब्द गेले तर पैसे गेले. त्याने ते शब्द एका कागदावर लिहिले आणि कागद कॉलेजच्या फायलीत, मार्कशीटच्या मागे ठेवला. फोन दोन वर्षांनी बिघडला. त्याला काही वाटलं नाही, कागद होता ना.

मग पुण्यातली ताईची, म्हणजे त्याच्या आईची, सोसायटी पुनर्विकासाला गेली. घर रिकामं करायचं होतं, भाड्याच्या घरात निम्मंही सामान मावणार नव्हतं. ताईने मार्कशीटं काढून प्लास्टिकच्या पिशवीत नीट ठेवली आणि फाइल रद्दीवाल्याला दिली.

भाच्याला बारापैकी तीन शब्द आठवतात: लेमन, लॅडर, रिव्हर. एकच शब्द विसरला असता तर संगणकाने २०४८ शब्द एकेक करून लावून पाहिले असते, चहा उकळेपर्यंत काम झालं असतं. दोन विसरले असते तरी जमलं असतं. पण प्रत्येक हरवलेल्या शब्दासरशी शक्यता २०४८ पटींनी वाढतात. नऊ शब्द म्हटल्यावर जगातले सगळे संगणक जुंपले तरी त्याचं आयुष्य पुरायचं नाही. हे त्यानेच मला कागदावर आकडे मांडून समजावलं, आणि ते समजावताना तो अगदी शांत होता. त्या शांतपणाची मला जास्त काळजी वाटली.

कारण पैसे गेलेले नाहीत. हे मला कळायला वेळ लागला. बिटकॉइनचं खातं जगजाहीर असतं. कोणत्या पत्त्यावर किती आहेत, हे कोणालाही बघता येतं. त्याच्या जुन्या ईमेलमध्ये त्या पत्त्याची नोंद आहे. तो पत्ता टाकला की दोन बिटकॉइन दिसतात, २०१७ पासून जसेच्या तसे. चोरी झाली असती तर चोराला शिव्या घालता आल्या असत्या. कंपनी बुडाली असती, तर २०२४ च्या जुलैत वझीरएक्स या एक्स्चेंजवरून २३ कोटी डॉलरच्या आसपासचं चलन चोरीला गेलं तेव्हा त्याच्या ग्राहकांनी केलं तसं चार माणसांनी एकत्र येऊन भांडता आलं असतं. घर जळालं तर राख तरी सावडता येते. इथे काहीच जळालेलं नाही. ५ डिसेंबर २०२४ ला बिटकॉइनने एक लाख डॉलरचा टप्पा ओलांडला, म्हणजे एकाचे ८५ लाखांच्या घरात रुपये झाले. त्या रात्री तो जागाच होता. पैसे स्क्रीनवर होते, त्याचेच होते, आणि त्याला हात लावता येत नव्हता.

तो ताईला एका शब्दाने बोलला नाही. पण ताईला कळलं. तेव्हापासून तिने रद्दी देणं बंद केलं. मी पुण्याला गेले तेव्हा पाहिलं, नव्या फ्लॅटच्या ड्राय बाल्कनीत वर्तमानपत्रांचे गठ्ठे छातीपर्यंत आले होते. वाण्याच्या पुड्यांचे कागद, लग्नपत्रिका, औषधांच्या चिठ्ठ्या, विजेची बिलं, सगळं. एखादा कागद टाकायचाच झाला तर आधी उलटसुलट करून बघायची, उजेडात धरायची, त्यावर इंग्रजीत काही लिहिलंय का ते पाहायची. इंग्रजी दिसलं की ठेवून द्यायची. एकदा एका पॉपकॉर्नच्या पाकिटावरची कृती तिने कापून डब्यात ठेवली होती. मी काही बोलले नाही. तिने आयुष्यभर घर नेटकं ठेवलं होतं, त्याचीच तिला ही शिक्षा झाली होती.

तर कोलकात्यात रविवारी सकाळी भाचा आणि मी बीबीडी बागेत फिरत होतो. पूर्वीचा डलहौसी स्क्वेअर. तिथे जनरल पोस्ट ऑफिसची मोठी घुमटाची इमारत आहे, आणि तिच्या आवारात पायऱ्यांवरून पितळेची एक पट्टी गेली आहे. जुना फोर्ट विल्यम इथे होता, त्याच्या तटाची ती खूण. हल्ली मैदानावर जो किल्ला आहे तो प्लासीनंतरचा, १७५८ मध्ये पाया घातलेला. जुना इथला. २० जून १७५६ ला बंगालचा नवाब सिराजउद्दौलाने तो घेतला. कलकत्त्याचे इंग्रज म्हणजे गडगंज, त्यांच्या तिजोरीत अमाप पैसा असणार, अशी त्याची खात्री होती. तिजोरी उघडली तर निघाले जेमतेम ५० हजार रुपये. नवाबाला ते पटेना. खजिना कुठे तरी पुरलाय, आणि तो किल्ल्यात मागे राहिलेल्या हॉलवेल या कंपनीच्या अधिकाऱ्यालाच ठाऊक आहे, हे त्याने मनाशी धरलं. हॉलवेलला दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, बेड्या घातल्या, मुर्शिदाबादला पाठवलं. त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

त्याच किल्ल्यात त्या वेळी उमीचंद कैदेत होता, आणि तो इंग्रजांच्या कैदेत होता. ही गोष्ट त्याच्या दंतकथेत फार थोडे लोक सांगतात. तो पंजाबी खत्री, गुरू नानकांचा अनुयायी. कलकत्त्यात चाळीस वर्षं व्यापार केला. कंपनीला माल पुरवणाऱ्या व्यापाऱ्यांत त्याचं नाव पहिलं, १७५३ मध्ये कंपनीने व्यापाऱ्यांमार्फत माल घेण्याची पद्धत बंद करेपर्यंत. नवाबाच्या हेराशी संधान असल्याच्या संशयावरून इंग्रजांनी त्याला धरून आत टाकलं आणि त्याच्या वाड्यावर शिपाई पाठवले. वाड्यावरच्या पहारेकऱ्यांनी सामना केला. मग त्यांच्या जमादाराला वाटलं की आता परक्यांचा हात घरातल्या बायकांना लागणार. त्याने घराला आग लावली, जनानखान्यात शिरला आणि तेरा बायकांना स्वतःच्या हाताने मारलं. मग स्वतःच्या पोटात खंजीर खुपसला, पण मेला नाही. ऑर्म सांगतो की हाच जखमी जमादार घोड्यावर बसून नवाबाच्या छावणीत गेला आणि शहराची पूर्व बाजू उघडी आहे, तिकडून या, असं सांगून आला.

पूर्व बाजू उघडी का होती, यात आपला, मराठ्यांचा संबंध येतो. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांची फौज भास्करराम कोल्हटकरांबरोबर बंगालात शिरली तेव्हा कलकत्तेकरांनी घाबरून शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता. तीन मैल झाला, मराठे आलेच नाहीत, काम थांबलं. तोच मराठा डिच. बंगालात अजून लहान मुलांना ‘बर्गी’ येतील म्हणून अंगाईत झोपवतात. त्या भीतीचं ओझं आपल्या माणसांनी तिथे ठेवून दिलं आहे, आणि कोलकात्यात फिरणाऱ्या मराठी माणसाने ते खाली मान घालून आठवावं, असं मला वाटतं.

उमीचंदकडे परत येते. किल्ला पडला, तो सुटला. घरी आला तर वाडा लुटलेला. ४ लाख रुपये रोख गेले होते. आणि त्या तेरा बायका. ४ लाख त्याचे होते, कमावलेले, मोजलेले. बायका घरच्या होत्या. पुढच्या वर्षी मुर्शिदाबादेत जे २० लाख गेले ते त्याचे कधी नव्हतेच, एका कागदावरची शाई होती. आणि इतिहास त्याला २० लाखांसाठी कोसळताना दाखवतो. जून १७५६ मध्ये जळक्या घरात उभा राहिल्यावर तो कोसळला का, किती तास बसून होता, त्याला कोणी धरलं, हे एकाही माणसाने लिहिलेलं नाही.

मी हे भाच्याला जीपीओच्या पायरीवर सांगितलं. तो ऐकत होता. मग म्हणाला, “मावशी, पण माझे दोन तर खरेच होते ना.”

होते. पण त्याचे काय होते, हा मला खरा प्रश्न वाटतो. २०१७ मध्ये त्याने सव्वा-दीड लाख रुपये घातले. तेवढं नुकसान झालं, आणि तेवढं त्याचं होतं, महिनोन् महिने डबा नेऊन साठवलेलं. त्याबद्दलची हळहळ न्यायाची आहे. पण त्याला जागं ठेवतो तो आकडा वेगळा, तो पावणेदोन कोटींचा. कागद हरवला नसता तर त्याच्याकडे पावणेदोन कोटी असते, हे गृहीत धरूनच तो रोज स्क्रीन बघतो. असते का? २०१७ च्याच डिसेंबरात भाव दहा लाखांच्या वर गेला होता. त्याचे जे मित्र त्याच्याबरोबर शिरले ते सगळे तेव्हा किंवा त्याच्या आधीच विकून मोकळे झाले. कोणी बुलेट घेतली, कोणी बहिणीच्या लग्नाला दिले. ताईच्या घराचा हप्ता थकला असता तर यानेही विकले असते, मी ओळखते त्याला. सात वर्षं न विकता धरून ठेवणारा माणूस फक्त तोच, ज्याला विकताच येत नाही. पावणेदोन कोटी हे हरवलेल्या कागदामुळे गेले नाहीत. ते हरवलेल्या कागदामुळेच एवढे वाढलेले दिसतात.

तो यावर बराच वेळ काही बोलला नाही. मग एवढंच म्हणाला की हे त्याला आधी कोणी सांगितलं नव्हतं.

जगात अशी माणसं बरीच आहेत. वेल्समधल्या न्यूपोर्टच्या जेम्स हॉवेल्सची हार्ड डिस्क २०१३ मध्ये कचऱ्यात गेली, तिच्यात आठ हजारांच्या आसपास बिटकॉइन. कचरा डेपो खणू द्या म्हणून तो दहा-बारा वर्षं नगरपालिकेच्या मागे लागला, शेवटी जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने त्याचा दावा काढून टाकला. एवढी वर्षं त्या उकिरड्याच्या दाराशी गेली. मला त्याची फार कणव येते. क्वाड्रिगा या कॅनडातल्या एक्स्चेंजचा मालक जेराल्ड कॉटन डिसेंबर २०१८ मध्ये आपल्या जयपूरला फिरायला आला असताना वारला, आणि किल्ल्या फक्त त्याच्याकडेच होत्या, असं कंपनीने जाहीर केलं. हजारो लोक त्या किल्ल्यांची वाट बघत बसले. मागाहून चौकशीत निघालं की वॉलेट आधीच रिकामी झाली होती, दाराआड काही नव्हतंच. आणि आपल्याकडचं गेनबिटकॉइन. दरमहा १० टक्के परताव्याच्या वचनावर लोकांनी पैसे घातले, त्यात पुण्याचे, नांदेडचे, कोल्हापूरचे कितीतरी. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी त्याचा सूत्रधार अमित भारद्वाज याला अटक केली. तो जानेवारी २०२२ मध्ये वारला. मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्याच्या भावाला सांगावं लागलं की वॉलेटचं यूजरनेम आणि पासवर्ड ईडीला द्या. देशातलं सगळ्यात मोठं न्यायालय, आणि त्याच्यासमोर प्रश्न असा की शब्द काय आहेत. हॉलवेलला नवाबाने याहून निराळं काय विचारलं होतं?

दुपारी आम्ही मैदानाच्या बाजूने चालत गेलो. नव्या फोर्ट विल्यमला, लष्कराच्या पूर्व विभागाच्या मुख्यालयाला, अलीकडे नाव दिलं आहे विजय दुर्ग, आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या विजयदुर्गावरून. सेंट जॉर्ज गेट आता शिवाजी गेट झालं आहे. हे वाचलं तेव्हा मला भरून आलं होतं. आमचं मूळ गाव देवगडकडचं, विजयदुर्ग लहानपणापासून पाहिलेला. आणि ज्यांनी हे नाव सुचवलं त्यांच्या मनात होतं की नाही माहीत नाही, पण विजयदुर्ग आणि जुना फोर्ट विल्यम, दोन्ही एकाच जोडीने घेतले आहेत. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसनने समुद्रावरून आणि क्लाइव्हने जमिनीवरून तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतला. पेशव्यांची फौज इंग्रजांच्या मदतीला होती. आत दहा लाखांच्या आसपासची लूट मिळाली. ती कशी वाटून घ्यायची हे इंग्रज अंमलदारांनी मुंबईहून निघतानाच ठरवलं होतं, आणि पेशव्यांच्या वाट्याला तिच्यातलं काही आलं नाही. तेच वॉटसन आणि क्लाइव्ह पुढे बंगालात आले आणि २ जानेवारी १७५७ ला त्यांनी कलकत्ता परत घेतलं.

माझे आजोबा सांगायचे की आंग्र्यांचं धन अजून किल्ल्याखाली आहे, समुद्राच्या बाजूच्या भुयारात. त्यांच्या लहानपणी रात्री कुदळी घेऊन जाणारी माणसं त्यांनी पाहिली होती. धनावर साप आहे, पायाळू माणूस लागतो, अमुक तिथी लागते. त्या धनाची वाटणी १७५६ मध्येच झाली होती, हुद्द्याप्रमाणे. तरी आमच्या गावात ते हरवलेलं धन पिढ्यान् पिढ्या टिकलं. ज्यांनी ते कधी पाहिलं नाही, ज्यांच्या बापजाद्यांचंही ते नव्हतं, त्यांनी त्याची रुखरुख वारशाने घेतली. त्यात जमिनी गहाण पडल्या, एका घरातला मुलगा खड्ड्यात दबून मेला. भाच्याला मी हे मुद्दाम सांगितलं. उद्या त्याला मुलं होतील. बापाचे दोन कोटी आजीने रद्दीत घातले, ही गोष्ट त्यांच्यापर्यंत जाऊ नये असं मला वाटतं. ती गेली तर ताईच्या वाट्याला त्या घरात तेवढीच ओळख उरेल.

उमीचंदच्या वेडाबद्दल मला शंका आहे, तीही सांगितली. १७५७ च्या ६ जुलैपर्यंत मुर्शिदाबादच्या खजिन्यातले ७२ लाखांवर रुपये ७०० पेट्यांत भरून, १०० होड्यांतून, निशाणं लावून, वाजतगाजत नदीने कलकत्त्याकडे निघाले. त्यात त्याचं काही नव्हतं. क्लाइव्हने त्याला तीर्थयात्रेला जायचा सल्ला दिला. ज्याने फसवलं त्यानेच. आणि उमीचंद गेलाही, माल्दाच्या बाजूला. पण त्याच पावसाळ्यात क्लाइव्हने कंपनीला लिहिलं की हा माणूस अजून आपल्या मोठ्या कामाचा आहे. भ्रमिष्टाबद्दल असं कोणी लिहीत नाही. शिवाय त्याचं मृत्युपत्र आहे. त्यात त्याने लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलला २ हजार पौंड ठेवले, टाकून दिलेल्या मुलांना वाढवणाऱ्या संस्थेला. आणखी काही तिथल्याच मॅग्डलेन हॉस्पिटलला, वेश्याव्यवसायातून सुटू पाहणाऱ्या निराधार बायकांसाठी. फाउंडलिंगच्या देणगीदारांच्या यादीत ‘कलकत्त्याचा एक काळा व्यापारी’ अशी त्याची नोंद आहे.

मृत्युपत्र करायला आपल्याकडे काय उरलं आहे ते बघावं लागतं. जे गेलं त्याच्यावर कलम लिहिता येत नाही. उमीचंदने केव्हातरी बसून उरलेलं मोजलं, कोणाला किती ते ठरवलं, आणि त्यात टाकलेली मुलं आणि निराधार बायका आल्या. त्या तेरा जणी त्याच्या मनात असतील, असं मला वाटतं. मेकॉलेच्या चित्रापेक्षा या कागदावर माझा जास्त विश्वास आहे.

भाच्याला ते तितकंसं पटलं नाही. तो म्हणाला, “मावशी, तू फार चांगलं बघतेस त्याच्याकडे. त्याच्या वारसांचा व्यापार कंपनीच्या मर्जीवर चालणार होता. लंडनला पैसे पाठवले की साहेब खूश राहतात. व्यापारी माणूस, मरतानाही त्याने हिशोब केला असेल.”

तेही शक्य आहे. तसं असेल तर तो वेडा नक्कीच झाला नव्हता, एवढं मी म्हणाले. भाच्याने मान हलवली, आणि मग विचारलं की ताईला पुण्याहून थोडे दिवस इकडे आणलं तर येईल का. बाल्कनीतलं सगळं तो स्वतः जाऊन, तिला बरोबर बसवून, एकेक कागद तिच्या हातात देऊन काढणार आहे. तिने म्हटलं की टाक, तरच टाकायचा.